समीकरणातला काळ



शाळेत आपण सगळ्यांनी एक सूत्र पाठ केले आहे. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. सरळव्याज. कॉमर्सला गेल्यावर हेच सूत्र चक्रवाढीचे झाले आणि मुदत खालच्या ओळीतून उठून घातांकाच्या जागी डोक्यावर जाऊन बसली. मुदत म्हणजे काळच. सावकारी जितकी जुनी तितका व्याजाच्या हिशेबातला काळ जुना. ग्रह कोणत्या राशीत आहे हे काढायलाही आपले ज्योतिषी शतकानुशतके दिवसांची संख्याच वापरत आले. पण हातातून सुटलेला दगड, उतारावरून घरंगळणारा गोळा, गार होणारे दूध, यांच्या हिशेबात काळ मोजूनमापून घालायला मात्र सतरावे शतक यावे लागले.

हा विषय निघाला तो यंदाच्या चातुर्मासातल्या स्वाध्यायात. तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय चालू होता. काळ हे द्रव्य आहे की नाही यावर बराच खल झाला आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर एक निरोप फिरला की आइन्स्टाइनने आपला काळद्रव्याचा सिद्धान्त सिद्ध केला आहे. पुष्कळ जणींनी हात जोडले. मला मात्र वाटले की आधी त्या मंडळींनी काळाबद्दल नेमके काय म्हटले ते पाहावे आणि मग हात जोडावेत. पुढचे महिनाभर जे वाचले, ते आपल्या समजुतीच्या भाषेत इथे मांडते आहे.

नाडी आणि पाण्याचे वजन

इटलीत पिसा शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये टांगलेला दिवा झुलताना तरुण गॅलिलिओने पाहिला. स्वतःच्या मनगटाची नाडी धरून त्याने मोजले, तेव्हा झोका मोठा असो की लहान, वेळ सारखाच लागतो असे त्याच्या ध्यानात आले. ही गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहून ठेवली आहे. ती जशीच्या तशी घडली असेल किंवा थोडी सजवलेलीही असेल. पण त्या काळी सेकंद दाखवणारे भरवशाचे घड्याळ नव्हते आणि अंगातली नाडी हेच जवळचे घड्याळ होते, हे खरे.

इथे मला आपल्या शास्त्रातले कोष्टक आठवले. सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त. गुणाकार करून पाहा, ३७७३ येतात. मुहूर्त ४८ मिनिटांचा. म्हणजे मिनिटाला ७८ ते ७९. आपण श्वास इतक्या वेळा घेत नाही, पण निरोगी माणसाची नाडी साधारण एवढीच पडते. शास्त्रकारांनीही लहान काळ मोजायला माणसाचे शरीरच धरले होते.

गॅलिलिओची खरी कामगिरी मात्र दिव्याची नाही, उताराची आहे. पडणारी वस्तू पडतापडता वेग घेते हे कोणालाही दिसते. तो वेग कशाच्या हिशेबाने वाढतो? १६०४ साली सार्पी या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने म्हटले की वस्तू जितके अंतर पडली, त्या प्रमाणात वेग वाढतो. आपल्यालाही प्रथम हेच सुचेल, कारण अंतर डोळ्यांना दिसते. काळ दिसत नाही. पुढे त्याच्या लक्षात आले की हा हिशेब जुळत नाही. वेग वाढतो तो किती अंतर गेले यावर नव्हे, किती वेळ गेला यावर.

हे तपासायला त्याने लाकडी फळीत गुळगुळीत खाच पाडली, फळी थोडी तिरपी लावली आणि काशाचा गोळा सोडला. वेळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू दिले. गोळा सुटला की धार पेल्यात धरायची, पोचला की काढायची, आणि पेल्यातले पाणी तराजूत तोलायचे. जितके पाणी तितका वेळ. आपल्या घरात दूध मापाने घेतात तसा त्याने काळ वजनाने घेतला. पहिल्या तेवढ्या वेळात गोळा १ हात गेला, तर पुढच्या तेवढ्याच वेळात ३ हात, मग ५, मग ७. एकूण अंतर १, ४, ९, १६. वेळेचा वर्ग. १६३८ मध्ये, नजरकैदेत असताना, त्याचे हे पुस्तक हॉलंडमध्ये छापले गेले. निसर्गाच्या हिशेबात मुदतीचा रकाना असा आखला गेला.

न्यूटनचा काळ आणि लाइब्निट्झची हरकत

हॉलंडच्याच हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले. आधीची घड्याळे दिवसाला सुमारे १५ मिनिटे पुढेमागे होत. लंबकाने ही चूक १५ सेकंदांच्या आसपास आणली. पण घड्याळ नेमके झाले तसा एक जुना पेच सर्वांना दिसू लागला. सूर्य डोक्यावर येण्यापासून पुन्हा डोक्यावर येईपर्यंतचा दिवस वर्षभर सारखा नसतो. सूर्याची घटिका आणि लंबकाचे घड्याळ यांत नोव्हेंबरात १६ मिनिटांपर्यंत फरक पडतो. मग खरा काळ कोणाचा, सूर्याचा की घड्याळाचा?

न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले, दोन्ही नाहीत. सूर्य, चंद्र, लंबक यांनी आपण मोजतो तो व्यवहाराचा काळ. त्याच्या मागे एक खरा, गणिती काळ आहे. तो कोणत्याही वस्तूवर अवलंबून नाही, जगात काहीही घडले नाही तरी तो एकसारखा वाहतो. न्यूटनच्या गतीच्या नियमांत जो काळ येतो, तो हा.

जर्मनीतल्या लाइब्निट्झने यावर हरकत घेतली. १७१५ आणि १७१६ या दोन वर्षांत त्याची आणि न्यूटनच्या बाजूने लिहिणाऱ्या क्लार्क या धर्मगुरूची पत्रे चालली. लाइब्निट्झचे म्हणणे असे की काळ ही वेगळी वस्तूच नाही. घटना एकामागून एक घडतात, त्यांच्या क्रमाला आपण काळ म्हणतो. घटना काढून घेतल्या तर मागे काही उरत नाही. त्याने विचारले, देवाने हेच जग, असेच्या असे, एक वर्ष आधी निर्माण केले असते तर काय फरक पडला असता? काहीच नाही. ज्याने काहीच फरक पडत नाही, ते आहे असे कशाला म्हणायचे? नोव्हेंबर १७१६ मध्ये लाइब्निट्झ वारला आणि पत्रे थांबली. वाद थांबला नाही.

जग कोणी निर्माण केले हा प्रश्न आपल्याकडे येतच नाही, आपल्यासाठी लोक अनादि आहे. पण वादाचा गाभा वाचताना मला आमच्या स्वाध्यायाचीच बैठक आठवली.

पाचवा अध्याय

तत्त्वार्थसूत्र किमान दीड हजार वर्षांचे आहे. त्यात काळाचे उपकार सांगितले आहेत ते असे: वर्तना, म्हणजे वस्तूचे असणे चालू राहणे; परिणाम, म्हणजे वस्तूत होणारा बदल; क्रिया, म्हणजे हालचाल; आणि परत्व-अपरत्व, म्हणजे थोरला-धाकटा, आधीचा-नंतरचा हा भेद. आपल्या दिगंबर परंपरेचा पाठ सांगतो की काळही द्रव्य आहे. श्वेतांबर पाठात तिथेच एक शब्द अधिक आहे आणि अर्थ होतो, काहींच्या मते काळही द्रव्य आहे. त्या एका शब्दाने केवढे अंतर पडले पाहा. श्वेतांबर परंपरेत दोन मते नांदली. एक काळाला वेगळे द्रव्य मानणारे. दुसरे म्हणते, काळ म्हणजे जीव आणि अजीव यांच्या पर्यायांचेच नाव, निराळी वस्तू नव्हे. हे दुसरे मत लाइब्निट्झच्या किती जवळचे आहे!

दिगंबर आचार्यांनी काळाला द्रव्य मानले, पण न्यूटनची वाहती नदी त्यांनी मानली नाही. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची मूर्ती घडवणाऱ्या चामुंडरायांचे गुरू, दहाव्या शतकातले आचार्य नेमिचंद्र, द्रव्यसंग्रहात सांगतात की लोकाकाशाच्या एकेका प्रदेशावर एकेक कालाणू आहे, रत्नांच्या राशीत रत्ने असतात तसा. शेजारी शेजारी, पण एकमेकांत न मिसळणारे. म्हणूनच काळ अस्तिकाय नाही, आणि कुंदकुंदाचार्यांच्या ग्रंथाचे नाव पंचास्तिकाय आहे, सहा नव्हे.

निश्चयकाळ आणि व्यवहारकाळ असा भेदही आहेच. घटिका, प्रहर, दिवस, महिना हा व्यवहारकाळ, आणि तो सूर्यचंद्रांच्या भ्रमणाने मोजला जातो, तोही अडीच द्वीपांत, मनुष्यलोकात. न्यूटनचा खरा काळ आणि व्यवहाराचा काळ हा भेद याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. आणि आणखी एक. काळ वस्तूला बदलायला लावत नाही. कुंभाराचे चाक फिरते तेव्हा खालचा दगड त्याला आधार देतो, फिरवत नाही. काळ तसा उदासीन निमित्त. हा दगड लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचे आहे.

मागे न फिरणारे दूध

न्यूटनच्या समीकरणांत एक गंमत आहे. काळाच्या जागी उणे काळ घातला तरी ती बिघडत नाहीत. ग्रह सूर्याभोवती फिरतानाचे चित्रीकरण कोणी उलटे दाखवले तर पाहणाऱ्याला ओळखता येणार नाही. हिशेबाच्या वहीत वरून खाली बेरीज करा की खालून वर, एकच उत्तर यावे तसे.

पण आपल्या स्वयंपाकघरात असे काही होत नाही. तापलेले दूध गार होते, गार दूध ओट्यावर ठेवून आपोआप तापत नाही. विरजण लागलेले पुन्हा दूध होत नाही. पिठाच्या मर्यादा आपण पाळतो, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त. मर्यादा आहे याचाच अर्थ पदार्थाचा काळ एकाच दिशेने जातो.

ही दिशा गणितात आली उष्णतेच्या अभ्यासातून. फ्रान्सच्या फूरिएने १८२२ मध्ये उष्णता कशी पसरते याचे समीकरण दिले. त्यात उणे काळ चालत नाही. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, एवढेच ते सांगते. जर्मनीच्या क्लॉसियसने १८६५ मध्ये या एकमार्गी चालीच्या मापाला एन्ट्रॉपी असे नाव दिले. मग प्रश्न उभा राहिला. दूध तर कणांचेच बनले आहे आणि प्रत्येक कण न्यूटनचे नियम पाळतो, ज्यांना पुढचेमागचे कळत नाही. मग दुधाला कसे कळते?

व्हिएन्नाच्या बोल्ट्झमनने याच्यासाठी उभे आयुष्य घातले. १८७२ मध्ये त्याने वाटले की कणांच्या नियमांतूनच दिशा निघते. १८७६ मध्ये त्याचाच ज्येष्ठ मित्र लोश्मिट याने विचारले, सगळ्या कणांचे वेग एकदम उलटे केले तर? दूध पुन्हा तापायला हवे! बोल्ट्झमनने १८७७ मध्ये उत्तर दिले ते शक्यतेचे आहे. डब्यात मोहरी आणि जिरे थर लावून भरा आणि डबा हलवा. मिसळण्याच्या तऱ्हा अब्जावधी आहेत, पुन्हा थर होण्याच्या अगदी थोड्या. मागे जाणे निषिद्ध नाही, पण इतके दुर्मीळ की कोणाला कधी दिसायचे नाही. व्हिएन्नाला त्याच्या समाधीवर त्याचे समीकरण कोरले आहे. काळाची दिशा ज्यातून समजली त्या समीकरणात काळाचे अक्षर मात्र नाही.

एकाच वेळी म्हणजे काय?

१९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात पेटंटच्या सरकारी कचेरीत आइन्स्टाइन नावाचा २६ वर्षांचा तरुण नोकरी करत होता. त्याने एक साधा प्रश्न विचारला. दोन ठिकाणच्या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, असे आपण कशावरून म्हणतो? दोन्हीकडच्या घड्याळांवरून. ती घड्याळे जुळवली कशी? एकीकडून दुसरीकडे इशारा पाठवून. इशाऱ्याला वेळ लागतो, आणि सर्वांत जलद इशारा म्हणजे प्रकाश. प्रकाशाचा वेग तर थांबलेल्याला आणि चालणाऱ्याला सारखाच मिळतो. हे सगळे नीट मांडल्यावर असे निघाले की फलाटावर उभ्या बाईला ज्या दोन विजा एकदम पडलेल्या दिसतात, त्या धावत्या गाडीतल्या बाईच्या हिशेबाने एकीमागून एक पडतात. दोघींचा हिशेब बरोबर. सर्व विश्वाला मिळून एकच घड्याळ नाही. न्यूटनची नदी आटली. पुढे त्याने दाखवले की जड वस्तूच्या जवळ घड्याळ हळू चालते.

ही नुसती कागदावरची गोष्ट राहिली नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. जमिनीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले तेव्हा पूर्वेकडची सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेकडची सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे तर रोज जमिनीपेक्षा सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ठिकाण दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल. मुलांच्या गावी नव्या घराचा पत्ता शोधताना आपण आइन्स्टाइनचे समीकरण वापरतो, एवढे ध्यानात असू द्या.

नात मला म्हणाली, "आजी, मग विमानात सामायिक केले तर ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे राहील का?" राहील. जो बसला त्याच्या घड्याळाने ४८ मिनिटेच. खालच्याच्या घड्याळाशी नंतर ताडून पाहिले तर केसाहून बारीक फरक. प्रत्येकाचा काळ त्याच्या ठिकाणाचा, हेच तर आइन्स्टाइन म्हणतो.

राजाबाईंचे घड्याळ आणि चौविहाराचा तक्ता

ठिकाणाचा काळ हा प्रश्न आपल्या मुंबईने फार अटीतटीने भांडलेला आहे. प्रेमचंद रायचंद या आपल्या जैन शेटजींनी आईच्या नावे मुंबई विद्यापीठात राजाबाई टॉवर बांधायला २ लाख रुपये दिले, तो १८७८ मध्ये पुरा झाला. सांगतात की राजाबाईंना दिसत नसे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा त्यांचा नियम. कोणाला न विचारता त्यांना घंटेवरून वेळ कळावी हा मुलाचा हेतू.

पण कोणती वेळ? मुंबईची वेळ तेव्हा मुंबईच्या सूर्याने ठरत होती. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने चाले, मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रासची वेळ लादली. लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. १ जानेवारी १९०६ पासून देशभर प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या ३९ मिनिटे पुढे. मुंबई पालिकेने तरी आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालवली. हट्ट म्हणा, पण त्यामागे सूर्य होता.

आपल्यासाठी यात कामाची गोष्ट आहे. चौविहार आणि नवकारशी घड्याळावर नाहीत, जिथे आपण आहोत तिथल्या सूर्यावर आहेत. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटे. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून अधिक पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य सरासरी २५ मिनिटे आधी मावळतो. मुंबईत छापलेला तक्ता नागपूरच्या स्वयंपाकघरात लावून भागायचे नाही. माहेरहून आणलेला तक्ता असेल तर आपल्या गावची वेळ एकदा ताडून घ्या.

मग विज्ञानाने सिद्ध केले का?

आता त्या निरोपाकडे येते. माझे उत्तर, नाही. कालाणू जागोजागी वेगळे आणि आइन्स्टाइनचा काळही जागोजागी वेगळा, हे साम्य ऐकायला गोड आहे. पण पुढे वाचा. आपल्या शास्त्रात समय हा काळाचा अविभाज्य अंश. मंद गतीचा परमाणू एका प्रदेशावरून लगतच्या प्रदेशावर जातो तेवढा काळ. आणि तोच परमाणू तीव्र गतीने एका समयात चौदा राजू लोक ओलांडू शकतो, असेही शास्त्र सांगते. आइन्स्टाइनचा सगळा डोलारा उभा आहे तो प्रकाशापेक्षा जलद काही जात नाही यावर. दोन्ही विधाने एकमेकांची साक्ष होऊ शकत नाहीत. सोयीची ओळ उचलायची आणि गैरसोयीची झाकायची, याला आमच्या हिशेबाच्या भाषेत चांगले नाव नाही.

दुसरेही कारण आहे. विज्ञान आपले मत बदलते, ती त्याची रीतच आहे. कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी. हॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये विश्वाला आरंभ नाही असा सिद्धान्त मांडला होता. अनादि लोक मानणाऱ्या आपल्याला किती आनंद व्हावा! पण १९६५ मध्ये आकाशात सर्वत्र भरलेले क्षीण प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे आरंभ असलेल्या विश्वाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर सुधारलेला सिद्धान्त दिला. त्यात विश्व फुगते, आकसते, पुन्हा फुगते. आपल्याला उत्सर्पिणी आणि अवसर्पिणी आठवेल. तोही फारसा मान्य झाला नाही. पुण्यात मोठी संस्था उभारूनही हा माणूस अल्पमतात शांतपणे उभा राहिला, आपली बाजू मांडत राहिला, आणि पुराव्याशिवाय आपले खरे म्हणा असे कोणाला म्हणाला नाही. हा गुण घेण्यासारखा. १९६५ साली ज्या श्रावकांनी विज्ञानाच्या भरवशावर अनादि लोक सिद्ध मानला असता, त्यांनी दुसऱ्या दिवशी श्रद्धा कुठे ठेवली असती?

श्रद्धेला विज्ञानाचा शिक्का लागत नाही आणि विज्ञानाला आपल्या टाळ्या लागत नाहीत. दोघांनी विचारलेला प्रश्न मात्र एकच आहे. तो प्रश्न दीड हजार वर्षे आपल्या घरात आहे, हे मोठेच आहे.

काळ काही करतो का?

या प्रश्नाचे एक टोक आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मराठीत काळ म्हणजे मृत्यूही. काळाने नेले, काळाने घाला घातला, वेळ वाईट होती, असे आपण म्हणतो. नियम मोडला की पंचमकाळ आहे म्हणतो. व्रत घ्यायचे टाळायचे असेल तर काळलब्धी आली की होईल म्हणतो. आणि कोणाच्या घरी दुःख झाले की तिचा हात धरून सांगतो, काळ हेच औषध.

न्यूटनचे समीकरण पुन्हा पाहा. गोळ्याची गती बदलते ती बलाने. काळ तिथे आहे, त्याच्याशिवाय हिशेब मांडता येत नाही, पण ढकलतो तो काळ नव्हे. चक्रवाढीतही रक्कम वाढवतो तो दर. दर शून्य असेल तर पन्नास वर्षांची मुदतही एक पैसा वाढवत नाही. हाच तो कुंभाराच्या चाकाखालचा दगड. कर्मबंधाच्या चार प्रकारांत स्थितिबंध आहे, म्हणजे कर्माची मुदत. मोहनीयाची जास्तीत जास्त ७० कोडाकोडी सागरोपम. पण ती मुदत घालतो कोण? कषाय. मुदतीपूर्वी कर्म उदयात आणून फेडणारी उदीरणा आहे, ती कशाने होते? तपाने, परिणामांच्या शुद्धीने. मुदतीआधी कर्ज फेडावे तसे. काळ दोन्हीकडे फक्त साक्षीला.

मार्च १९५५ मध्ये आइन्स्टाइनचा झुरिकच्या दिवसांपासूनचा जिवलग मित्र बेसो वारला. १९०५ च्या त्या लेखात आइन्स्टाइनने आभार मानले होते ते याच मित्राचे. आइन्स्टाइनने त्याच्या घरच्यांना लिहिले की बेसो थोडा आधी गेला, पण आमच्यासारख्यांना भूत, वर्तमान आणि भविष्य हा भेद केवळ एक चिवट भ्रम वाटतो. महिन्याभरात, १८ एप्रिलला, तो स्वतः गेला. त्याला त्या विचाराने धीर आला असेल. मी मात्र घरात एकटी झाल्यानंतरची वर्षे आठवते, तेव्हा मला काळाने बरे केले असे म्हणवत नाही. पहाटे उठून सामायिकाला बसणे, नातीचा डबा, स्वाध्यायाला येणाऱ्या तुम्ही, यांनी केले. नुसते दिवस मोजत बसलेल्या बाया मीही पाहिल्या आहेत. त्यांची दहा वर्षे गेली आणि दुःख तिथेच राहिले.

म्हणून दुःखात असलेल्या घरी जाल तेव्हा काळ औषध आहे असे सांगून परत येऊ नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, तिला स्वाध्यायाला घेऊन या.

पाचव्या अध्यायाचे वाचन पर्युषणापर्यंत चालेल. वर्तनेवर आपण अजून नीट बोललेलो नाही. येताना आपापल्या गावच्या सूर्यास्ताची वेळ लिहून आणा, एकत्र ताडून पाहू.

जय जिनेंद्र.